एकोणपन्नास किलोंची चोरी

भीमपूर, १० नोव्हेंबर २०२४

चि. करण,

आशीर्वाद लिहायचा राहिला असं समजू नकोस. मुद्दामच लिहिला नाही.

शुक्रवारी दुपारी भारत गावात परत आला. लक्ष्मणरावांचा भारत, ज्याला दीड वर्षापूर्वी तूच हैदराबादला नेलंस आणि तुझ्याच कंपनीत, तुझ्याच विभागात चिकटवलंस. बसमधून उतरला तेव्हा लोकांना वाटलं कापूस वेचणीला आला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की कंपनीने चोरीचा आळ घालून त्याला घरी बसवलंय आणि अठ्ठावीस तारखेला त्याची चौकशी आहे. आपल्याकडे चांगली बातमी पायी येते, असली बातमी गाडी करून येते.

मी तुला अकरा वेळा फोन केला. एकदा उचललास, ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणालास. शनिवार दुपारपासून माझा नंबरच ब्लॉक. म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टाने. कागद ब्लॉक करता येत नाही.

काल संध्याकाळी मी भारतला ओसरीवर बसवलं. चोरी केलीस का, हे विचारलंच नाही. वजनं विचारली. मी बारा वर्षं आदिलाबादला इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा मला वजनं विचारता येतात.

तुमच्या त्या पांढऱ्या मालाचं नाव मी लिहीत नाही, कंपनीचं गुपित तुम्हालाच लखलाभ. एका बॅचला तुम्ही दोनशे किलो कच्चा माल घालता. गणिताने त्यातून जास्तीत जास्त दोनशे साठ किलो पक्का माल निघू शकतो, तोही एक कण वाया गेला नाही तर. आणि वाया तर जातोच. थोडा अर्धवट राहतो, थोडा गाळताना पाण्याबरोबर जातो, थोडा भांड्याला चिकटतो. म्हणून मिळालेला माल भागिले मिळू शकणारा माल, गुणिले शंभर. याला यील्ड म्हणतात. तुला सांगते आहे कारण तू विसरलास असं दिसतं.

दसऱ्यापर्यंत तुझ्या रजिस्टरात दर बॅचला दोनशे पंचेचाळीस किलो माल निघत होता. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. दसऱ्यानंतर नवीन ड्रायर बसला, भारतला त्यावर लावलं, आणि त्या आठवड्यापासून माल भरायला लागला एकशे शहाण्णव किलो. पंचाहत्तर टक्के. दर बॅचला एकोणपन्नास किलो कमी, अशा आठ बॅच. आणि ड्रायरमधून माल काढून पिंपात भरतो कोण? भारत. झालं, सापडला चोर.

एकोणपन्नास किलो, करण. भारतचं स्वतःचं वजन बावन्न आहे. तेवढा माल त्याने जेवणाच्या डब्यातून गेटबाहेर नेला का?

मी त्याला विचारलं, ड्रायर नव्हता तेव्हा माल कुठे तोलायचे? तो म्हणाला, “सेंट्रिफ्यूजमधून काढला की तोच तोलत होतो ना ताई. मंग तसाच पुढच्या विभागात जात होता.” म्हणजे गरगर फिरवून पाणी पिळलेला माल. पिळलेलं लुगडं आणि वाळलेलं लुगडं यातला फरक आपल्या आईला विचार. तो ओला माल अडीचशे किलो भरायचा. त्यात ओलावा किती, हे तपासायला नमुना भट्टीत ठेवून तीन तासांनी पुन्हा तोलावा लागतो. तू काय करायचास? अडीचशेतून दोन टक्के ओलावा वजा करायचास, पाच किलो, आणि लिहायचास दोनशे पंचेचाळीस.

दोन टक्के कोणी तपासले, असं मी भारतला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, “करणदादा तपासत नव्हता. दोन टक्के त्याले पाठच होतं.”

ओलावा एकवीस-बावीस टक्के होता, करण. कोरडा माल पहिल्यापासून एकशे शहाण्णवच होता. तुझे चौऱ्याण्णव टक्के कधीच नव्हते. ज्याची चोरी झाली म्हणता ते पाणी आहे, आणि ते दोन वर्षं तुझ्या पेनाने माल म्हणून लिहिलं.

आपले बाबा लोकांचा कापूस विकत घेताना गंजीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि हात बाहेर काढताना ओलावा सांगायचे. सरकारी खरेदीवर बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत पाठवतात, हे भीमपुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि त्या घरातला तू, एमएस्सी झालेला.

तुला एकच ओळ लिहायची आहे. तुझ्या वरच्या साहेबांना, अठ्ठावीस तारखेच्या आत: आधीच्या वजनांत पाणी होतं, ओलावा मी तपासला नव्हता. बस. भारत सुटला.

गावात मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुझं नाव झाकून ठेवलंय, याची जाण ठेव.

शीतल


भीमपूर, १४ नोव्हेंबर

करण,

पत्र मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या हातात पडलं. पोस्टाचा मेसेज आला. आज गुरुवार आहे. ओळ लिहायला तुला किती दिवस लागतात?

उत्तर आलं नाही, पण तू गप्प बसला होतास असंही नाही. काल भारतला फोन केलास. मला करायला तुझी बोटं झिजतात, त्याला मात्र पाऊण तास उपदेश. “करणदादा म्हणते, सही करून मोकळा हो,” भारत सांगत होता. “सही केली त कंपनी पोलिसात जाणार नाई म्हणते. नाई केली त केस होईन.” कागदावर काय लिहिलंय ते त्याने मला दाखवलं. माझ्या ताब्यातला माल माझ्या हातून बाहेर गेला, हे मला मान्य आहे. खाली सहीची जागा.

भारत सही करायला निघाला होता. का, ठाऊक आहे? तू सांगतोस म्हणजे भल्यासाठीच सांगत असशील, असं त्याला वाटतं. अजूनही वाटतं. मी त्याच्या हातातून कागद घेऊन घडी करून त्याच्याच खिशात कोंबला आणि म्हटलं, मला विचारल्याशिवाय पेन उघडायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरसुद्धा नाही.

कॉलेजात आज मी सेकंड इयरला हेच गणित घातलं. नाव नाही, गाव नाही. फळ्यावर लिहिलं: दोनशे साठपैकी आधी दोनशे पंचेचाळीस, नवीन ड्रायर बसल्यावर एकशे शहाण्णव, कारण सांगा. मागच्या बाकावरची प्रियदर्शनी, तिचे वडील भाजीपाला पिकवतात, तिने वही उघडायच्या आधी हात वर केला. “मॅडम, पह्यले ओलं तोललं असन.”

सतरा वर्षांच्या पोरीला दहा सेकंद लागले. मी फळा पुसला आणि पुढच्या धड्याकडे वळले. राग एवढा आला होता की खडू हातात मोडला.

घरी आल्यावर टीव्हीच्या शेजारी आईने मांडलेली तुझी ढाल पाहिली. वर्षातलं सर्वाधिक यील्ड, चौऱ्याण्णव टक्के. आई दर शनिवारी ती पदराने पुसते. आलेल्या-गेलेल्याला सांगते की लेकाला कंपनीने बक्षीस दिलं. पाण्याचं बक्षीस आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. तूच सांग, तुझी आई आहे.

एक गोष्ट कबूल करते, कारण तू विचारणार नाहीस. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार जवळजवळ अख्खा, मलाही वाटलं होतं की भारतने केलं असेल. गरीब घरचा पोरगा, मोठ्या शहरात गेला, हात सुटला असेल. त्याला ओसरीवर बसवलं तेव्हासुद्धा मी त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी बसवलं होतं. तू आणलेल्या माणसाने तुझी मान खाली घातली, याचा मला राग आला होता. मग वजनं ऐकली. आता मला माझी लाज वाटते, आणि त्या लाजेचा रागही तुझ्यावरच निघतो आहे. निघू दे. तुला पेलेल.

चौदा दिवस उरले.

शीतल


भीमपूर, १९ नोव्हेंबर

करण,

मी आजवर तुला आळशी समजत होते. तीन तास भट्टीजवळ थांबायचा कंटाळा करणारा, दोन टक्के पाठ करून ठेवणारा आळशी. आळस माफ करता येतो. आज जे कळलं त्याला काय म्हणायचं, ते तूच सांग.

भारतची बायको शुभांगी आज घरी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, अंगणातच उभी राहिली. तिने विचारलं, “ताई, ती वही मोठ्या साहेबापाशी पोचली का?”

मी म्हटलं, कोणती वही?

लक्ष्मणराव कापसाची गाडी कधीही घरी तोलल्याशिवाय बाजारात नेत नाहीत, हे तुला माहीत आहे. घरचं वजन एका वहीत, बाजारचं त्याच्या शेजारी. त्यांच्या बापाने केलं, त्यांनी केलं, भारतही तेच करतो. पोराला सवय लागली ती लागली. नवीन ड्रायरवर लागल्यापासून तो खताच्या दुकानात फुकट मिळते त्या खिशातल्या डायरीत दर बॅचची दोन वजनं लिहायचा. ड्रायरमध्ये घालताना किती, काढताना किती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आठही बॅच त्या वहीत आहेत. घालताना अडीचशे, काढताना एकशे शहाण्णव. तारखेसकट.

ज्या दिवशी त्याला घरी जायला सांगितलं, त्या दिवशी तो ती वही घेऊन तुझ्याकडे आला. आणि तू म्हणालास, “माझ्यापाशी दे, मी साहेबाले दाखवतो.”

करण, मी हे वाक्य लिहून थांबले, पाणी प्यायले, परत बसले.

त्या पोराची सुटका त्याच्या खिशात होती. ती तू मागून घेतलीस, आणि वही साहेबाकडे पोचली असं धरून तो माझ्याजवळही तिचं बोलला नाही. पुढे पाच दिवसांनी त्यालाच फोन करून सही कर म्हणालास. वही कुठे आहे? जाळलीस की कपाटात कपड्यांखाली ठेवली आहेस? तू लहानपणी फाटलेला पेपर गादीखाली ठेवायचास, जाळायची हिंमत नसायची. यंदा हिंमत आली असेल तर आश्चर्य वाटणार नाही.

शुभांगीला मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, चौकशी करते. ती म्हणाली, “तुमाले माहीत नव्हतं म्हंता?” मला माहीत नव्हतं हे खरं आहे. तिला ते खरं वाटलं नाही, यात तिची चूक नाही.

सकाळी नळावरही ती होती. ती आली की बायका घागरी उचलून बाजूला सरकतात. कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, “आपल्या घागरीवर ध्यान ठेवा बाई.” ती घाईने भरून निघाली, अर्धं पाणी वाटेत सांडलं. मी तिथेच होते. माझी घागर भरली आणि घरी आले.

आई विचारते, करणचा फोन काऊन येत नाई. मी सांगते, कामात आहे. खोटं बोलायला तुझ्यासाठी आणखी किती शिकू?

नऊ दिवस.

शीतल


भीमपूर, २५ नोव्हेंबर

करण,

आलं तुझं उत्तर. पत्राला पत्र नाही, अमरच्या फोनवरून मेसेज. तुझ्या खोलीतल्या सोबत्याच्या आडून बहिणीशी बोलायची वेळ आली तुझ्यावर. मी तो इथे उतरवून ठेवते, म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल.

‘ताई ओलावा मी तपासला नाई हे खरं हाय. पन आता बोललो त मी गेलो. दोन वर्षाचे रेकॉर्ड खोटे निघतीन. भारतले कुठंबी काम भेटन, मले नाई भेटणार. तू मधात नको पडू.’

दहा मिनिटांनी तू तो पुसलास. मी त्याआधी दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढला होता. काऊन काढला, मला विचारू नकोस. हाताने काढला, डोक्याला नंतर कळलं.

भारतला कुठंही काम भेटेल म्हणतोस. चोर म्हणून सही केलेल्या माणसाला? तू त्याला कुठे ठेवशील, तुझ्या खोलीच्या किल्ल्या देशील? शब्द पोटातून आले असते तर अडकले असते. तुझे बोटांतून आले.

आता माझं ऐक. हे मी तीन पत्रं टाळत होते.

तुझी बीएस्सीची प्रात्यक्षिक परीक्षा. मी त्या वर्षी त्याच कॉलेजात तात्पुरती डेमॉन्स्ट्रेटर होते, तुमच्या प्रयोगशाळेत उभी. दोन ग्रॅमपासून जास्तीत जास्त दोन पूर्णांक सहा ग्रॅम पदार्थ निघणार होता. तुझा भरला दोन पूर्णांक नऊ. एकशे अकरा टक्के. जगात कुठेच होत नाही असं यील्ड तुझ्या काट्यावर होतं, आणि तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस. पदार्थ ओला होता, गाळणकागदाला चिकटलेला होता. अजून अर्धा तास बाकी होता. वाळव, मग तोल, एवढंच सांगायला हवं होतं. बाहेरचे परीक्षक चहाला गेले होते. मी तुझ्या मागून जाताना हळूच म्हटलं, दोन पूर्णांक एक लिही.

ऐंशी टक्के आले. वीसपैकी वीस मार्क. घरी आपण दोघं केवढं हसलो. आईला सांगितलं की करणचा हात फार साफ आहे.

ओलं तोलून कोरडं लिहायला तुला कंपनीने शिकवलं नाही. मी शिकवलं. बारा वर्षं पोरांच्या वह्या तपासते. अशी उलट्या गणिताने बनवलेली वजनं किती पाहिली असतील आणि लाल पेनाने बरोबरची खूण केली असेल, मोजदाद नाही. सगळ्या कॉलेजांत असंच चालतं, असं स्वतःला समजावत आले. तुझंही हेच म्हणणं असेल, सगळ्या कंपन्यांत असंच चालतं.

पण माझ्या दोन पूर्णांक एकमुळे कोणाच्या कपाळावर चोर लिहिलं गेलं नव्हतं. तुझ्यामुळे लिहिलं जातंय. गुरुवारी.

मी भारतबरोबर येते आहे. आत घेतील न घेतील, गेटवर बसेन. त्याला सांगून ठेवलंय की सही करायची नाही. एकच मागायचं: आमच्यासमोर एक किलो ओला माल तोला, वाळवा, पुन्हा तोला. तू घेतलेली वही लागत नाही, माझं पत्र लागत नाही. काटा सगळ्यांचा एकच असतो.

तुझ्याकडे अजून तीन दिवस आहेत. काटा बोलायच्या आधी तू बोल. पुरुषासारखं बोल असं म्हणणार नाही, आपल्या गावात त्या शब्दाला किंमत उरलेली नाही. शुभांगी ज्या पावलांनी नळावर जाते, तेवढ्या बळाने बोल. पुष्कळ झालं.

ताई


भीमपूर, ८ डिसेंबर

करण,

अमर म्हणाला तू खोलीवरच आहेस, जेवायला बाहेर पडत नाहीस. म्हणून त्याच पत्त्यावर लिहिते आहे.

चौकशीच्या दिवशी टेबलाच्या पलीकडे बसून तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, तेव्हा माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही. सकाळी साडेनऊपासून मी वॉचमनच्या खोलीत बसले होते. दुपारी दीडला भारत जेवायला बाहेर आला. चेहरा उजळलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. त्याने सांगितलं की चौकशी घेणाऱ्या बाईंनी मागणी मान्य केली. एक किलो ओला माल ट्रेमध्ये पसरला, भट्टीत ठेवला, दर तासाला तोलला. वजन उतरायचं थांबलं तेव्हा सातशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. त्या बाई काट्याकडे बघत स्वतःशीच तेलुगूत म्हणाल्या, “इवि नीळ्ळे कदा.” हे तर पाणीच आहे की.

तिथे संपायला हवं होतं. तू नुसता गप्प बसला असतास तरी संपलं असतं. मग भारत म्हणाला, “ताई, करणदादा बोलला.” मला क्षणभर बरं वाटलं. खरंच वाटलं, लपवत नाही.

काय बोललास ते भारतने खाली बघत सांगितलं. आमच्याकडचे शेतकरी वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात, यानेही मालावर पाणी मारलं असेल आणि कोरडा माल लंपास केला असेल.

लक्ष्मणरावांच्या पोराला म्हणालास हे. ज्या माणसाच्या गाडीत बाबांनी उभ्या जन्मात एकदाही हात घातला नाही, न बघता उतरवून घेतली, त्याच्या पोराला. मी पर्स उघडली, तुझ्या मेसेजचा फोटो असलेला फोन वॉचमनच्या हाती आत पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली की ज्याने हा मेसेज केला त्याची मी सख्खी बहीण आहे, मला बोलवा.

पुढचं तुझ्यासमोर झालं. तुझी परीक्षा आणि माझं दोन पूर्णांक एकही मी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही, म्हणाल्या त्याचा इथे संबंध नाही. मला मात्र सांगायचं होतं. मी तो फोटो आत का पाठवला असं तुझ्या मनात येत असेल, तर ऐक. उद्या परत तीच वेळ आली तर परत तेच करेन. आणि त्यानंतर परत येताना बसमध्ये निर्मल गाव येईपर्यंत रडत होते, हेही खरं आहे.

भारतवरचा आळ कंपनीने लेखी मागे घेतला. तो उद्या कामावर जातोय, दुसऱ्या विभागात. शुभांगीला मी कागद वाचून दाखवला. तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, “तुमच्याच घरानं खड्ड्यात घातलं, तुमच्याच घरानं काढलं. उपकार काऊन मानू?” मी म्हटलं, मानू नको.

आई माझ्या हातचा चहा घेत नाही. ढाल तिने अजून हलवलेली नाही. “लेकराची नोकरी खाल्ली तू,” एवढंच एकदा म्हणाली.

आता कालचं सांगते आणि थांबते.

काल रामाजीच्या हॉटेलसमोरून जात होते. आठ-दहा माणसं चहा पीत होती. विषय तू. करणनेच माल विकला, भारतला पुढे केलं, दर बॅचला एकोणपन्नास किलो, हैदराबादला प्लॉट घेतला म्हणे. एकाने तर प्लॉटची जागाही सांगितली. मी आत गेले. बायका तिथे जात नाहीत, मी गेले. म्हटलं, माल कोणीही विकला नाही, माल नव्हताच, ते पाणी होतं. अडीचशे किलो ओला, एकशे शहाण्णव कोरडा. सगळं गणित सांगितलं. ओला कापूस, वाळला कापूस, सगळं. माझा भाऊ खोटं बोलला, पण चोर नाही. माझा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं, लोक चहा सोडून बघत होते.

भारत कोपऱ्यात बसला होता. तो उठून उभा राहिला. “ताई खरं सांगून राह्यल्या. करणदादानं माल नाई चोरला,” तो म्हणाला. “माही वही चोरली. जेवढं चोरलं तेवढंच म्हना.” माणसं परत चहाकडे वळली. मला वाटलं झालं, आता तुला चोर म्हणणार नाहीत.

लक्ष्मणराव बाकावर बसले होते. त्यांनी कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाई, हे पान्याचं गनित तुमाले कधी समजलं?”

मी म्हटलं, भारत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

“मंग माह्या पोराले ह्याच हाटेलात चोर म्हनत होते वीस दिवस,” ते म्हणाले. “तवा नाई आल्या तुमी.”

मी तुला पाच पत्रं लिहिली. त्या हॉटेलाची पायरी मात्र काल पहिल्यांदा चढले.

शीतल